पार्सलचं बिल दर महिन्याला का फुगतं? मराठवाड्यातल्या छोट्या धंद्यांसाठी दुरुस्तीचा मार्ग

तक्रार सगळीकडे सारखीच. कुरियरवाल्यानं दर सांगितला, तो परवडला, त्या हिशेबानं मालाची किंमत लावली. आणि महिनाअखेर बिल आलं ते धरलेल्या हिशेबाच्या दीडपट. मग कुरियर बदलायचं. नव्या कंपनीचा पहिला महिना बरा जातो, पुढं तिचंही तेच. लातूर, अंबाजोगाई, परभणी, जालना, कुठंही जा. घरगुती मसाले, वाळवणं, लोणची, साड्या पाठवणारा भेटला की दोन मिनिटांत गाडी या बिलावर येते.

माझं म्हणणं असं, की या दुखण्यात दराचा वाटा लहान आहे. बिल फुगतं ते दोन जागी. एक, कुरियरनं लावलेलं वजन आणि तुमच्या काट्यावरचं वजन यांत फरक असतो. दुसरं, परत आलेल्या पार्सलांचं भाडं तुम्ही कुठंच धरलेलं नसतं. या दोन गळत्या बुजवल्याशिवाय दरासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही. किलोमागं दोन रुपये कमी करून घ्यायचे आणि एक किलोच्या मालाला सहा किलोचे पैसे भरायचे, यात कसली बचत?

आधी बिल उघडा

बहुतेकजण बिलातला शेवटचा आकडा बघतात, कपाळाला हात लावतात आणि पैसे भरतात. तसं करू नका. कंपनीकडून पार्सलनिहाय यादी मागा, आणि ती एक्सेलमध्येच मागा. प्रत्येक ओळीत डॉकेट नंबर (पार्सलाचा पावती क्रमांक), पिनकोड, झोन (दरासाठी पाडलेला विभाग), लावलेलं वजन, जाण्याचं भाडं, सीओडीचा (माल हातात आल्यावर पैसे) चार्ज आणि परतीचं भाडं असतं. त्याशेजारी तुमचा एक रकाना घाला: पार्सल निघताना तुम्ही लिहून ठेवलेलं वजन. लिहून ठेवत नसाल तर आजपासून सुरू करा, साधी वही चालते.

आता वजाबाकी करा. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला त्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यांत काय माल होता ते बघा. फरक सगळ्या मालात सारखा विखुरलेला नसतो. एखाददुसऱ्याच वस्तूत, किंवा एकाच मापाच्या खोक्यात तो साचलेला सापडतो. मग परतीचं भाडं लागलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यांचे पिनकोड बघा. इतकं केलं की आपलं दुखणं कोणत्या जातीचं आहे ते कळतं, आणि पुढचं त्याप्रमाणे वाचता येतं.

कुरडईचं खोकं

रेणापूरकडच्या एका बचत गटाच्या ताईंनी बिलाचा फोटो पाठवून विचारलं, "दादा, एक किलो कुरडई धाडली अन् ह्यांनी सहा किलो लावलेत. ह्यांचा काटा बिघडलाय का?"

काटा ठीक होता. खोकं 14 बाय 12 बाय 10 इंचांचं होतं.

कुरियर कंपन्या दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं, ज्याला ते व्हॉल्यूमेट्रिक म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारण 5000 नं भागायचं. येईल ते किलो. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. आता ताईंचं खोकं मोजू. इंचांचे सेंटिमीटर केले आणि वरचा पूर्ण आकडा धरला, की होतात 36, 31 आणि 26. गुणाकार 29,016. भागिले 5000, म्हणजे 5.8 किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्यानं वर चढवलं की सहा. कुणीही फसवलेलं नाही. गाडीतली जागा सहा किलोच्या मालाइतकी अडली, त्याचे पैसे लागले.

इथं दोन बारकावे आहेत. पहिला, भाजक सगळ्यांचा 5000 नसतो. काही कंपन्या 4500 किंवा 4000 नं भागतात. दर सांगताना हे आपणहून कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. 4000 नं भागलं तर ताईंचं तेच खोकं साडेसात किलोंवर जातं. म्हणजे किलोमागं दर स्वस्त दिसणारी कंपनी हलक्या, फुगीर मालाला महाग पडू शकते. दर विचारण्याआधी भाजक विचारा.

दुसरा बारकावा इंचांचा. आपल्याकडं खोकी विकणारे इंचांत बोलतात, आणि ते सांगतात ते बहुधा आतलं माप. कुरियरचं मशीन बाहेरून मोजतं, फुगवट्यासकट. कागद कोंबून, वर टेपचे तीन वेढे मारून फुगलेलं खोकं सगळ्यांत फुगीर जागी मोजलं जातं. त्यामुळं एखादा इंच किती महागात पडतो ते बघा. 12 बाय 10 बाय 8 इंचांचं खोकं 31, 26, 21 सेंटिमीटर धरलं तर 3.4 किलोंचं होतं, पैसे साडेतीनचे. तेच 12 बाय 10 बाय 7 घेतलं तर 2.9 किलो, पैसे तीनचे. खोक्याच्या किमतीत फरक नसल्यातच जमा. फरक पडतो तो भाड्यात, तोही प्रत्येक पार्सलाला.

मग कुरडईचं करायचं काय? ती दाबता येत नाही, चुरा होतो. तरी वाट आहे, आणि ती दोन टोकांनी धरावी लागते.

पहिलं टोक उन्हाळ्यातलं. कुरडईचा घेर, म्हणजे आडवं माप, किती ठेवायचा हे सोऱ्यातून चीक घालतानाच ठरतं. 10 इंच म्हणजे पंचवीस सेंटिमीटर रुंदीच्या खोक्यात बारा सेंटिमीटर घेराच्या कुरडयांच्या दोन ओळी शेजारी-शेजारी नीट बसतात. घेर चौदाचा झाला की एकच ओळ बसते आणि उरलेल्या जागेत हवा जाते. म्हणून विक्रीची कुरडई घालणाऱ्या बायांच्या हाताशी एक वाटी किंवा कडी मापाला ठेवा. घरच्यासाठी मोठी घाला की, कोण नको म्हणतंय.

दुसरं टोक पॅकिंगचं. 12 बाय 10 बाय 7 च्या खोक्याला तीन किलोंचं भाडं लागणारच आहे, तर खोकं तीन किलोंपर्यंत भरा. तळाला येसर नि काळ्या मसाल्याची पाकिटं आडवी घाला, अर्ध्या अर्ध्या किलोची दोन. खोक्याच्या उंचीत ती तीन-एक सेंटिमीटर खातात. त्यावर कुरडई. कडेला जागा उरली तर ज्वारीच्या पापडांची चवड उभी. जड माल खाली असल्यामुळं खोकं उलटंपालटं कमी होतं आणि कुरडईही कमी मोडते. भाडं तेच, पण आता ते तीन-चार वस्तूंत वाटलं गेलं. म्हणून माझा सल्ला असा, की कुरडई, सांडगे, भुसवड्या हा फुगीर माल एकटा विकायलाच ठेवू नका, संचातच ठेवा. गिऱ्हाईक एकटी कुरडईच मागत असेल तर त्याला सरळ सांगा, तेवढ्याच भाड्यात एक किलो मसालाही येतो, घेणार का? बरेचजण घेतात.

कापडाचं गणित निराळं. शालीला, ड्रेसच्या कापडाला खोकं लागतच नाही. कुरियरची प्लॅस्टिक पिशवी वजनाला नगण्य, आणि माल चपटा राहतो. पैठणीचं मात्र तसं करू नका. 40 बाय 30 बाय 6 सेंटिमीटरचं कडक खोकं आकारमानानं 1.44 किलो भरतं, दीडचे पैसे लागतात. लागू द्या. हजारो रुपयांच्या साडीचा जरीकाठ दुमडून त्याला कायमची घडी पडली, तर वाचवलेल्या साठ-सत्तर रुपयांना कोण विचारतो? उलट अशा पार्सलाची खरी किंमत जाहीर करून विमा घ्या. विमा नसेल तर हरवलेल्या मालाची कुरियरवरची जबाबदारी फार थोड्या रकमेपुरती असते. पावतीच्या मागं बारीक अक्षरात ते छापलेलं असतं.

साठ ग्रॅमचा फटका

दर अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यांत असतात. 500 ग्रॅम मसाल्याचं पाकीट, त्याची पिशवी, बाहेरचं छोटं खोकं, टेप, आत बिलाचा कागद आणि हौसेनं घातलेलं कार्ड. एकूण 560 ग्रॅम. बिल एक किलोचं. तुमचं सगळ्यांत जास्त खपणारं पाकीटच या टप्प्याच्या नेमकं वर बसलेलं असेल, तर प्रत्येक ऑर्डरीला तुम्ही दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरताय.

उपाय सोपा: पाकीट 400 ग्रॅमचं करा. छापायचंही 400 आणि आतही 400. किंमत त्या प्रमाणात ठेवा. नाहीतर एकदम वरच्या टप्प्याचा पुरेपूर फायदा घ्या, म्हणजे 900 ग्रॅमचा संच. मधल्या आकड्यांत पैसे जातात.

पावसाळ्यात अजून एक होतं. पुठ्ठा दमट हवा पितो. पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर रचलेली खोकी श्रावणात उन्हाळ्यापेक्षा जड भरतात. वाढ फार नसते, पण पाचशेला टेकलेलं पार्सल पल्याड ढकलायला तेवढी पुरते. म्हणून टप्प्याच्या खाली तीस-चाळीस ग्रॅमची मोकळीक ठेवा आणि खोकी फळीवर ठेवा. मसाल्याला, कापडाला तीन पदरी खोकं पुरतं. काचेच्या बरणीतल्या लोणच्याला पाच पदरीच घ्या, तिथं काटकसर नको.

फोटो काढून ठेवा

हे सगळं करूनही कधीकधी चुकीचं वजन लागतं. मशीनवर दोन पार्सलं चिकटून गेली, लेबल दुसऱ्याचं वाचलं गेलं, असं होत असतं. ऑनलाइन पोर्टलवरून बुकिंग करत असाल तर तिथं वजनावर हरकत घेता येते, पण मुदत थोड्या दिवसांची असते आणि पुरावा मागतात. मुदत गेली की लावलेलं वजन मान्य केलं असं धरून पैसे वळते होतात. इथं बहुतेकांचं नुकसान आळसामुळं होतं. वाद घालायला कुणाला वेळ आहे, म्हणून सोडून देतात.

पुरावा म्हणजे चार फोटो. पार्सल काट्यावर, आकडा आणि लेबल दोन्ही दिसतील असं. मग लांबी, रुंदी, उंची, प्रत्येकाला टेप लावून एकेक. एकाच मापाची खोकी वापरत असाल तर त्या मापाची नोंद पोर्टलवर एकदाच करून ठेवता येते, म्हणजे दरवेळी भांडावं लागत नाही. खोक्यांची मापं तीन-चारच ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो त्यामागं हेच मोठं कारण आहे. दुकानात पडलेली टीव्हीची, बिस्किटांची जुनी खोकी कापून वापरणं स्वस्त वाटतं, पण त्यांतल्या प्रत्येकाचं माप वेगळं आणि भांडणही वेगळं.

परत आलेलं पार्सल

आता दुसरी गळती. समजा तुम्ही दहा पार्सलं पाठवली, जाण्याचं भाडं 80 रुपये आणि परत आलं तर परतीचे 70. दोन परत आली. खर्च झाला 800 अधिक 140, म्हणजे 940. माल पोहोचला आठ जणांना. एका विक्रीमागं भाडं पडलं 117 रुपये 50 पैसे. किमतीत तुम्ही धरले होते 80. बाकीचे नफ्यातून गेले. शिवाय परत आलेला माल तीन आठवडे फिरून आलेला. पापड मोडलेले, लोणच्याचं तेल खोक्याला लागलेलं. तो पुन्हा विकता येत नाही तो खर्च वेगळाच.

परत येतं ते जवळजवळ सगळं सीओडीचं. पैसे आधी दिलेला माणूस पार्सलाची वाट बघत बसतो. रात्री अकराला मोबाइलवर बोट लावून ऑर्डर दिलेला माणूस सकाळी विसरलेला असतो. म्हणून सीओडी बंद करा, असं शहरातले सल्लागार सांगतात. आपल्याकडं ते चालणार नाही. अनोळखी पानावर आधी पैसे टाकायला माणूस कचरतो, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. मधला रस्ता म्हणजे शंभर रुपये आगाऊ यूपीआयनं, बाकी माल हातात आल्यावर. शंभर दिलेला माणूस सहसा पार्सल नाकारत नाही. आणि ज्याला शंभरही द्यायचे नाहीत त्याची ऑर्डर गेली, तर ती परत येणाऱ्यांतलीच असण्याची शक्यता मोठी.

ऑर्डर आली की पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर एक निरोप: "काळा मसाला अर्धा किलो, एकूण इतके रुपये, या पत्त्यावर पाठवतोय, बरोबर ना?" उत्तर आलं नाही तर फोन. फोनही उचलला नाही तर पार्सल थांबवा. एका दिवसाचा उशीर परतीच्या भाड्यापेक्षा स्वस्त असतो.

पत्त्यांवर जरा थांबतो, कारण मराठवाड्यातली निम्मी भानगड पत्त्यांत आहे. पिंपळगाव, वडगाव, चिंचोली ही नावं प्रत्येक तालुक्यात सापडतात. नुसतं "मु. पो. पिंपळगाव, जि. बीड" लिहिलेलं पार्सल कुठंही जाऊ शकतं. तालुका आणि पिनकोड पक्का करून घ्या, आणि पिनकोड गावाचाच घ्या; लोक सवयीनं तालुक्याचा देतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यापासून पोर्टलवर कुठं जुनं नाव दिसतं, कुठं नवं. वाट पिनकोडवरून ठरते, तेव्हा 431001 किंवा 413501 बरोबर असेल तर नावाची चिंता करू नका. पण पिन एका जिल्ह्याचा आणि नाव दुसऱ्याचं, असं झालं की पार्सल अडकतं. लातूर, धाराशिवचे बहुतेक पिन 413 नं सुरू होतात, सोलापूरसारखे. नांदेड, परभणी, बीडचे बहुतेक 431 नं. एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका लेबल छापण्याआधीच सापडतात.

खूण लिहा, आणि ती गावातल्या माणसाला कळेल अशी. "हनुमान मंदिराजवळ" याला अर्थ नाही, हनुमान मंदिर कोणत्या गावात नसतं? "झेडपी शाळेसमोर, किराणा दुकानाच्या मागं" हे चालतं. दुसरा मोबाइल नंबर मागाच. बीडकडचे कितीतरी लोक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, घराला कुलूप असतं आणि फोन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात वाजतो. दुसरा नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा किंवा शेजाऱ्याचा असला की पार्सल पोहोचतं. पेरणीच्या दिवसांत भरदुपारी फोन कुणी उचलत नाही. अशा गावांना बाजाराचा दिवस गाठून माल पोहोचेल असं बघा.

आणि पोर्टलवरची "पोहोचवता आलं नाही" ही यादी रोज संध्याकाळी उघडा. "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा दिसला की गिऱ्हाइकाला लगेच फोन लावा. अनेकदा डिलिव्हरीचा पोरगा गावात गेलेलाच नसतो. तालुक्याला थांबून "येऊन घेऊन जा" म्हणतो, गिऱ्हाईक म्हणतं मी वीस किलोमीटर कशाला येऊ, आणि शेरा मात्र गिऱ्हाइकाच्या नावावर. साधारण तीन प्रयत्न झाले की पार्सल परतीला लागतं. त्याआधी पुन्हा प्रयत्न करायला सांगण्याची सोय असते, ती वापरा.

खेड्याला पोस्ट

ज्या पिनकोडवरून पार्सलं पुन्हा पुन्हा परत येतात, त्यांना कुरियर देणंच थांबवा. तिथं पोस्ट. गावातला पोस्टमन घराघराला ओळखतो आणि शाखा डाकघर खेड्यातच असतं. स्पीड पोस्टात पार्सल कुठवर गेलं ते ऑनलाइन दिसतं. नियमित माल असेल तर पोस्टाशी करार करता येतो, त्यात प्रमाणावर सूट, पिकअप आणि महिन्यानं बिल अशा सोयी आहेत. याची चौकशी मुख्य डाकघरात करा, गावच्या शाखेत ही माहिती मिळेलच असं नाही.

जुन्या दरपत्रकावर हिशेब करत असाल तर तो फाडून टाका. नोंदणीकृत टपाल आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे कागदपत्रांचे दर बदललेत; पार्सलाचा ताजा दर विचारून घ्या. मोठ्या, हलक्या खोक्यांचं आकारमान पोस्टातही बघतात, तेव्हा कुरडईचं गणित इथंही विसरू नका.

हैदराबाद जवळ, पण बिलात लांब

हा खास आपल्या भागाचा घोळ. उदगीरहून हैदराबाद दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. मुंबई पाचशेच्या पुढं. पण कुरियरचे झोन पुष्कळदा राज्यावर ठरतात. मुंबई "राज्यांतर्गत" म्हणून स्वस्त, हैदराबाद "उर्वरित भारत" म्हणून महाग. पुण्याहून हैदराबाद "मेट्रो ते मेट्रो" म्हणून कधीकधी तुमच्यापेक्षा कमी दरात जातं, आणि तुम्ही हैदराबादला पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर बसलेले! नांदेड, देगलूर, उदगीर, मुखेड या पट्ट्यातल्या लोकांची हैदराबादशी ये-जा निजामाच्या काळापासूनची, तिकडं नातीगोती, तिकडं मराठी घरं. गिऱ्हाईकही तिथं भरपूर. त्यामुळं या झोनचा फटका नेमका त्यांनाच बसतो.

दोन गोष्टी करा. दर ठरवताना झोनचा तक्ता मागा आणि तेलंगण, उत्तर कर्नाटक कोणत्या रकान्यात आहेत ते बघा. काही कंपन्या अंतरावर झोन लावतात, पाचशे किलोमीटरच्या आत एकच दर. त्या हैदराबाद, बिदर, कलबुर्गीसाठी घ्या. आणि हैदराबादची मागणी नियमित असेल तर सुटी पार्सलं न पाठवता एक मोठी खेप बसनं किंवा ट्रान्सपोर्टनं तिथल्या ओळखीच्या माणसाकडं टाका, वाटप त्यानं स्थानिक दरानं करावं.

पुण्याची खेप

हीच रीत पुण्याला तर फारच सोपी. लातूर, नांदेड, बीडहून रोज रात्री ट्रॅव्हल्स सुटतात आणि त्यांच्या डिकीतून अर्धा मराठवाडा पुण्याला डबे पाठवतो. आठवड्याभराच्या पुण्याच्या ऑर्डरी साठवा, एका पोत्यात नाहीतर मोठ्या खोक्यात बांधा, शुक्रवारी रात्री चढवा. शनिवारी सकाळी हडपसरला किंवा वाघोलीला तुमच्या माणसानं उतरवून घ्यायचं. तिथून दुचाकीवरून घरपोच देणाऱ्या ॲपनं किंवा शहरांतर्गत कुरियरनं वाटायचं. गिऱ्हाइकाला आधीच सांगा, पुण्यात माल शनिवार-रविवारीच पोहोचतो. मसाला-पापडाला घाई कुणालाच नसते.

पण ट्रॅव्हल्सचं पार्सल म्हणजे विश्वासाचा मामला. पक्की पावती बहुधा नसते, हरवलं तर दाद मागायला जागा नाही. एसटीनं पाठवलं तर पावती तरी मिळते. काहीही असो, खोक्यात बिलाची प्रत घाला, बाहेर दोन्ही बाजूंना मार्करनं नाव-नंबर लिहा, गाडीचा नंबर आणि क्लीनरचा फोन लिहून घ्या. पैठणी, चांदी, महागडं सामान या मार्गानं पाठवू नका.

वीस-पंचवीस किलोंच्या वर एकाच ठिकाणी माल जात असेल, दुकानदाराला म्हणा, तर कुरियरचा विचारच सोडा. ट्रान्सपोर्टला टाका. तिथं किमान वजनाचं भाडं असतं, वर बिल्टी (मालाची वाहतूक पावती) चार्ज आणि हमाली. गोडाऊन डिलिव्हरी घेतली तर स्वस्त, दारात हवी तर जादा. दुकानदाराशी "टू पे" ठरवता आलं तर उत्तम, भाडं तो तिथं भरतो. राज्याबाहेर 50,000 रुपयांवर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर माल असेल तर ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) लागतं.

शेवटी दर

सांगितलेल्या दरावर इंधन अधिभार आणि 18 टक्के जीएसटी चढतो. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर तो जीएसटी वजा मिळतो, पण बिलावर तुमचा जीएसटी नंबर छापलेला हवा. तो टाकून घेतलेला नसतो असं पुष्कळ वेळा दिसतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्यांसाठीचा ठोक कर) असाल किंवा नोंदणीच नसेल तर ते 18 टक्के तुमचा खर्चच, किमतीत धरा.

"मोफत डिलिव्हरी" द्यायचीच असेल तर तिची मर्यादा 499, 999 अशा गोंडस आकड्यांवर ठरवू नका. तुमच्या मालाचं किती रुपयांचं पार्सल वजनाच्या टप्प्यात पुरेपूर बसतं ते काढा, मर्यादा तिथं लावा. पाव किलो येसर मोफत घरपोच देणं कुणालाच परवडत नाही.

वजन आणि परती सुधारून दोन-तीन महिने झाले, की मग दराची बोलणी. एकटा छोटा धंदा असेल तर कंपनी फार ऐकत नाही. आसपासचे तीन-चार बचत गट किंवा गृहोद्योग मिळून एकाच ठिकाणाहून माल उचलायला द्यायला लागले की बोलणं बदलतं. बायांचे गट असतील तर उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) प्रभाग संघातून हे जमवता येतं. खातं एकाच्या नावावर असलं तरी मालाचं बिल ज्याचा माल त्याच्याच नावानं निघावं, आणि सीओडीचे पैसे कुणाचे किती आले ते दर आठवड्याला वहीत उतरवावं. अशी भागीदारी बहुतेकदा मोडते ती ही वही न ठेवल्यानं.

बोलायला जाताना महिन्याची पार्सलं, सरासरी वजन, किती परत येतात आणि कुठल्या पिनकोडांना जातात, हे एका कागदावर लिहून न्या. मग नुसता किलोमागं दर मागू नका. भाजक 5000 मागा, परतीच्या भाड्यात सूट मागा, हैदराबाद-बिदर जवळच्या झोनमध्ये मागा, सीओडीचे पैसे आठवड्यात मागा. किलोमागच्या रुपयावर ते अडून बसतात. या चार गोष्टींपैकी एखाददुसरी बऱ्याचदा चहा संपायच्या आत देऊन टाकतात, कारण त्या मागायला सहसा कुणी येतच नाही.